पेशीतला निरोप्या आणि अंडाशयाचा कर्करोग

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रजचा घाट लागतो. घाटाच्या पायथ्याशी असलेले तळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, तेथे बांध घालून पाणी अडवण्यात आले आणि दगडी बांधणीच्या भुयारी नळातून ते थेट शनिवारवाड्यापर्यंत आणण्यात आले. वाटेत नळातील हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधले होते. गावात काळा हौद, बदामी हौद अशा हौदांवर लोक पाणी भरत. कात्रजच्या डोंगरात पाऊस झाला की कोसांवरच्या हौदाची पातळी वाढे. डोंगरातला पाऊस हौदाने काही पाहिलेला नसे. पण मधला प्रत्येक टप्पा आपले काम चोख करी, म्हणून त्याची वर्दी गावात पोहोचे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीतही अशीच एक व्यवस्था असते. तेथे पाण्याऐवजी निरोप वाहतो. शरीराच्या दूरच्या भागातून आलेला संदेश पेशीच्या पटलाशी थांबतो आणि तेथून पुढे प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पेशीच्या केंद्रकापर्यंत नेला जातो. ‘आता वाढ’, ‘आता थांब’, ‘आता दोन हो’, ‘आता मर’ असे हे निरोप असतात. या साखळीतील एक दार उघडे राहून अडकले तर काय होते आणि डॉक्टरांचे औषध त्यापुढे का हरते, हे आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेऊ अंडाशयाच्या कर्करोगाचे, आणि दार आहे एकेटी नावाच्या प्रथिनाचे.

निरोप पेशीत शिरतो कसा?

आपले यकृत ‘इन्सुलिनसारखा वाढ-घटक १’ नावाचे एक लहानसे प्रथिन रक्तात सोडते. त्याला थोडक्यात आयजीएफ-१ म्हणतात. ते ७० अमिनो आम्लांचे बनलेले असते आणि त्याची घडण इन्सुलिनशी मिळतीजुळती असते. हे प्रथिन पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पटलावर त्याच्यासाठी एक खास जागा असते, तिला ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसा वाढ-घटक ग्राहीत बसतो आणि ग्राहीचा पेशीच्या आतील भाग जागा होतो.

आता साखळी सुरू होते. जागा झालेला ग्राही पीआय-३ कायनेज नावाच्या विकराला कामाला लावतो. पेशीपटलाच्या आतल्या बाजूस काही मेदरेणू असतात. हे विकर त्यांना फॉस्फेटचा एक जादा गट चिकटवते. अशा खूण केलेल्या मेदरेणूकडे एकेटी प्रथिन ओढले जाते. एरवी ते पेशीद्रवात निवांत फिरत असते. पटलापाशी येताच दुसरी विकरे त्याच्यावर दोन ठरावीक जागी फॉस्फेटचे बिल्ले लावतात. बिल्ले लागले की एकेटी कामावर रुजू झाले असे समजावे.

एकेटी हे स्वतःही एक विकर आहे. बिल्ला लागल्यावर ते इतरांना बिल्ले वाटत सुटते. त्याचा हात लागणारी प्रथिने शंभराहून अधिक आहेत. काहींना बिल्ला लागला की ती जागी होतात, काहींना लागला की ती गप्प बसतात. परिणाम एकंदरीत असा होतो, की पेशी अन्न अधिक घेते, नवी प्रथिने बनवते, विभाजनाची तयारी करते आणि मरण्याचे टाळते.

निरोप देऊन झाल्यावर तो थांबवण्याचीही सोय हवी. ती सोय पीटेन नावाचे विकर करते. मेदरेणूला चिकटवलेला जादा फॉस्फेट ते काढून टाकते. खूण पुसली गेली की एकेटीला पटलापाशी थारा मिळत नाही आणि त्याचे बिल्लेही उतरतात. एक विकर खूण करते, दुसरे पुसते. या दोघांचा तोल राहिला तर पेशी शहाण्यासारखी वागते.

येथे कात्रजच्या नळाची उपमा थोडी अपुरी पडते, हेही सांगून ठेवू. नळातले पाणी दोन हौदांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. पेशीतील निरोप मात्र वाटल्याने वाढतो. एक जागा झालेला ग्राही अनेक मेदरेणूंवर खुणा करवतो, आणि एकेटीचा एकेक रेणू पुढे कितीतरी प्रथिनांना बिल्ले लावतो. म्हणून बाहेरचा अगदी क्षीण संदेशही आत मोठी खळबळ उडवू शकतो.

एकेटी हे नाव आले कोठून?

या प्रथिनाची ओळख उंदरांमुळे झाली. एके नावाच्या वाणाच्या उंदरांत लसिकापेशींचा कर्करोग आपोआप आणि वारंवार होतो. १९७७ मध्ये अमेरिकेत स्टीफन स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंदरांतून एक विषाणू वेगळा केला. पुढे १९८७ मध्ये स्टाल यांनी त्या विषाणूतील जनुकासारखेच जनुक माणसाच्या पेशींतही असल्याचे दाखवले, आणि जठराच्या एका कर्करोगात या जनुकाच्या प्रती अनेकपट वाढलेल्या आढळल्या. म्हणजे हे जनुक मूळचे विषाणूचे नव्हतेच. निरोगी प्राण्याच्या पेशीतील एक उपयोगी जनुक विषाणूने उचलले होते.

१९९१ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांनी या जनुकापासून बनणारे प्रथिन ओळखले. त्यानंतर वर्षभरातच अंडाशयाशी त्याचा संबंध जुळला. फिलाडेल्फिया येथील जोसेफ टेस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एकेटी-२ या भावंडाची तपासणी केली. त्यांनी पाहिलेल्या अंडाशयाच्या १५ अर्बुदांपैकी २ अर्बुदांत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या. संख्या लहान होती. पण कोठे शोधायचे हे तिने दाखवून दिले.

अंडाशयात काय बिघडते?

स्त्रीच्या ओटीपोटात दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचे एकेक अंडाशय असते. त्यांतून साधारणतः दरमहा एक अंडपेशी बाहेर पडते. त्या वेळी अंडाशयाच्या पृष्ठभागाला लहानशी जखम होते व ती भरून येते. अंडाशयाशेजारी अंडवाहिनीचे झालरीसारखे तोंड असते. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा जो सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे, त्याची सुरुवात पुष्कळदा या झालरीतील पेशींत होते असे आता दिसून आले आहे. जखम भरताना पेशींना वाढीचा निरोप मिळावा लागतो. मग काम झाल्यावर तो थांबावाही लागतो.

कर्करोगाच्या पेशीत हा थांबण्याचा भाग बिघडतो. बिघाड साखळीत कोठेही होऊ शकतो. काही अर्बुदांत पीआय-३ कायनेजच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. १९९९ मध्ये हे अंडाशयाच्या कर्करोगात दाखवण्यात आले. काहींत याच जनुकात उत्परिवर्तन होऊन विकर सतत चालू राहते. काहींत पीटेन नाहीसे होते, म्हणजे खूण पुसणाराच उरत नाही. काहींत एकेटीच जास्त बनते. बिघाड कोठेही असो, परिणाम एकच होतो. बाहेरून कोणी ‘वाढ’ म्हटलेले नसताना आत ‘वाढ, वाढ’ असा पुकारा चालू राहतो.

२०११ मध्ये अमेरिकेतील कर्करोग-जनुकांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत अंडाशयाच्या नेहमी आढळणाऱ्या उग्र प्रकारच्या शेकडो अर्बुदांची छाननी केली होती. पीआय-३ कायनेज आणि त्याच्या शेजारचा रास नावाचा निरोपमार्ग, या दोहोंत मिळून सुमारे ४५ टक्के अर्बुदांत बिघाड आढळला. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. पी-५३ या प्रथिनाचे जनुक ९६ टक्के अर्बुदांत बिघडलेले होते. पी-५३ हे पेशीतील पहारेकरी. डीएनए खराब झाला तर ते विभाजन थांबवते आणि वेळ पडल्यास पेशीला मरणाचा हुकूम देते. पहारेकरी जागेवर नाही आणि वाढीचे दार उघडे, अशी ही स्थिती आहे.

औषध मारते कसे?

या कर्करोगावरचा नेहमीचा उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि तिच्या जोडीला औषधे. औषधांत प्लॅटिनम असलेले एक आणि टॅक्सेन जातीचे एक अशी जोडी बहुधा असते.

प्लॅटिनमच्या औषधाचा शोध मोठा मजेदार आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. विद्युतप्रवाह सुरू केल्यावर जिवाणू दुभंगेनासे झाले व दोऱ्यासारखे लांबत गेले. शोध घेता कळले, की हा प्रताप विजेचा नव्हता. विद्युतअग्रे प्लॅटिनमची होती; त्यांतील थोडे प्लॅटिनम द्रावात उतरून एक संयुग बनले होते. विभाजन थांबवणारे संयुग कर्करोगाच्या कामी येईल, हा तर्क खरा ठरला. सिस्प्लॅटिन नावाने ते १९७८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले.

सिस्प्लॅटिन पेशीत शिरून डीएनएच्या शेजारशेजारच्या दुव्यांना चिकटते. त्यामुळे डीएनएचा गोफ तेथे वाकतो आणि त्याची नक्कल नीट होत नाही. पण पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. औषध पेशीला स्वतः ठार करीत नाही. ते फक्त नुकसान करते. नुकसान फार झाले आहे असा निर्णय पेशीच घेते आणि आपल्या आतील विकरांकरवी स्वतःला मोडून टाकते. याला पेशीचा नियोजित मृत्यू म्हणतात. पेशी आत्मघातास राजी झाली नाही, तर औषधाने केलेले नुकसान ती दुरुस्त करते आणि पुन्हा उभी राहते.

एकेटीचे महत्त्व येथे कळते. मृत्यूच्या मार्गावर बॅड नावाचे एक प्रथिन आहे. ते पेशीतील मरणाची यंत्रे मोकळी करते. एकेटी त्याला बिल्ला लावून गप्प बसवते. फॉक्सो नावाची प्रथिने केंद्रकात जाऊन मृत्यूला मदत करणारी जनुके चालू करतात. एकेटी त्यांनाही बिल्ला लावते आणि ती केंद्रकाबाहेर पडतात. म्हणजे औषधाने डीएनए मोडल्याची वर्दी पेशीला मिळालेली असते, पण ती अमलात आणणाऱ्यांचे हात एकेटीने बांधून ठेवलेले असतात.

औषधाला दाद न देण्याची पेशीची इतरही साधने आहेत. काही पेशी औषध आत कमी घेतात, काही ते बाहेर ढकलतात, काही डीएनएची दुरुस्ती झपाट्याने करतात. प्रगत अवस्थेत निदान झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना पहिल्या उपचाराने चांगला गुण येतो. पण त्यांपैकी अनेकींत काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग परत येतो. प्लॅटिनमचा उपचार संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो परतला, तर डॉक्टर त्याला प्लॅटिनम-प्रतिरोधी म्हणतात. संशोधकांपुढचा प्रश्न हाच आहे, की दाद देणारी पेशी दाद न देणारी कशी बनते, आणि ती बनत असताना तिला गाठता येईल काय?

खारघर आणि गणेशखिंड येथील काम

या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातच मोलाचे काम झाले आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे प्रगत कर्करोग उपचार, संशोधन आणि शिक्षण केंद्र आहे. तेथे डॉ. प्रीथा रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांना औषधाच्या मात्रा पुन्हापुन्हा दिल्या. दर वेळी ज्या पेशी जगल्या त्यांची पुढची पिढी घेतली. अशा रीतीने औषधाला दाद देणाऱ्या पेशींपासून थोडा प्रतिकार करणाऱ्या आणि पुढे भरपूर प्रतिकार करणाऱ्या पेशी मिळाल्या. एखाद्या मुलाची वाढ दरवर्षीच्या छायाचित्रांवरून पाहावी, तसा प्रतिकार कसा वाढत जातो हे पायरीपायरीने पाहता आले.

जे दिसले ते अपेक्षेहून निराळे होते. आयजीएफ-१ चा ग्राही सारखा वाढतच गेला नाही. प्रतिकाराच्या पहिल्या पायरीवर तो खूप वाढला. पण प्रतिकार पक्का झाल्यावर पुन्हा कमी झाला. तोवर एकेटी जोमाने चालू झालेले होते. म्हणजे सुरुवातीला पेशी बाहेरच्या निरोपाला अधिक कान देऊन जीव वाचवते. पुढे आतले दार उघडेच राहू लागल्यावर तिला बाहेरच्या निरोपाची फारशी गरज उरत नाही.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ग्राही बंद करणारे द्रव्यही वापरून पाहिले होते. प्रतिकाराच्या सुरुवातीच्या पायरीवरील पेशींना ते दिले, तेव्हा औषधांचा मारा पुन्हा परिणामकारक झाला. एकच दार, एकच कुलूप. पण ते केव्हा लावले यावर सारे अवलंबून होते. २०२० मध्ये याच गटाने ग्राहीच्या या चढउतारामागे रन्क्स-१ आणि फॉक्सो-३ए ही दोन प्रथिने कशी काम करतात ते उलगडले. आपण वर पाहिलेल्या फॉक्सो कुळातीलच हे एक.

जिवंत प्राण्यात हे सारे पाहायचे तर दर वेळी अर्बुद कापून काढता येत नाही. त्यासाठी या गटाने एक युक्ती केली. काजव्यासारख्या जीवांत प्रकाश देणारी विकरे असतात. अशा विकराचे जनुक त्यांनी पीआय-३ कायनेजच्या जनुकाला चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला जोडले. ते जनुक चालू झाले की पेशी उजळते आणि संवेदनशील कॅमेऱ्याला उंदराच्या शरीरातून येणारा तो मंद प्रकाश टिपता येतो. ही पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुण्यात गणेशखिंडीस, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रोगाचा दुसऱ्या बाजूने विचार केला. या रोगात पोटात पाणी साठते आणि त्यात कर्करोगाच्या पेशी तरंगत असतात. एका रुग्णाच्या अशा पाण्यातून त्यांनी पेशी वेगळ्या केल्या. सर्व पेशी सारख्या नव्हत्या. त्यांतील काहींत मूलपेशींचे गुण होते आणि नवे अर्बुद उभे करण्याची ताकद त्यांच्यात होती. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २००९ मध्ये याच केंद्रातून दाखवण्यात आले, की स्नेल आणि स्लग नावाची दोन प्रथिने पेशींना मूलपेशींसारखे बनवतात आणि किरण व औषधे यांच्या माऱ्यातून वाचायला मदत करतात.

दोन्ही ठिकाणचे धागे २०१७ मध्ये एकत्र आलेले दिसतात. खारघरच्या गटाने दाखवले, की प्रतिरोधी पेशींवर सिस्प्लॅटिनचा मारा केला असता मूलपेशींसारख्या पेशींचे प्रमाण उलट वाढते. आणि हे ज्या फेऱ्यातून घडते त्यात पीआय-३ कायनेजही एक कडी आहे. शेतातले तण वरवर कापले तर मुळे असलेलेच पुन्हा फुटते, तसाच हा प्रकार.

मग एकेटीच बंद का करू नये?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. एकेटी आणि पीआय-३ कायनेज बंद करणारी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांनी बनवलीही आहेत. त्यांपैकी कपिवासेर्टिब हे एकेटीविरोधी औषध २०२३ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी, दुसऱ्या औषधाच्या जोडीने, मान्य झाले. अंडाशयाच्या कर्करोगात मात्र अशा औषधांना अजून तसे ठळक यश आलेले नाही. याची दोन कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण असे, की एकेटी हे काही कर्करोगाचे प्रथिन नव्हे. ते तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत रोज काम करते. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन येते आणि स्नायू साखर आत ओढून घेतात, तेव्हा तो निरोप एकेटीच नेते. म्हणून एकेटी बंद केले की रुग्णाच्या रक्तातील साखर वाढू शकते. रोगी पेशीचे दार बंद करताना निरोगी पेशीचेही बंद होते, आणि औषधाची मात्रा हवी तेवढी वाढवता येत नाही.

दुसरे कारण शेतकऱ्याच्या मुलांना चटकन कळेल. उसाला पाणी देताना दारे धरावी लागतात. एका सरीचे दार मातीने बंद केले की पाणी थांबून राहत नाही, ते शेजारच्या सरीत शिरते. पेशीतही निरोपाचे मार्ग अनेक आहेत आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत. एकेटीचा मार्ग अडवला तर रासचा मार्ग अधिक वाहू लागतो. शिवाय काही पेशी पटलावरचे ग्राहीच वाढवतात. म्हणून संशोधक आता तीन गोष्टींचा विचार एकदम करतात: कोणत्या रुग्णाच्या अर्बुदात कोणते दार बिघडले आहे, कोणती दोन दारे एकत्र बंद करावी, आणि ती केव्हा बंद करावी. तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व खारघरच्या पेशींनी दाखवले. अर्थात काचपात्रातील पेशींत जे घडते ते माणसात तसेच घडेल असे नाही. मधली वाट लांबची असते आणि पुष्कळ आशादायक द्रव्ये त्या वाटेवर गळून पडतात.

वर्गात करून पाहा

पंधरा विद्यार्थ्यांनी चार रांगांत उभे राहावे: पहिल्या रांगेत १, दुसरीत २, तिसरीत ४ आणि चौथीत ८. पहिल्याने मागच्या दोघांच्या खांद्याला हात लावावा. त्या प्रत्येकाने आपल्या मागच्या दोघांच्या. एका हातापासून आठ जणांपर्यंत निरोप कसा वाढत जातो ते दिसेल.

दुसऱ्या खेपेस शिक्षकांनी दुसऱ्या रांगेतील एकाला ‘तू हात लावू नकोस’ असे सांगावे. हे त्या पेशीला दिलेले औषध. चौथ्या रांगेतील किती जणांना निरोप मिळाला ते मोजा. तिसऱ्या खेपेस तोच विद्यार्थी थांबलेला असू द्या. पण तिसऱ्या रांगेतील मुलांना शेजाऱ्याकडूनही निरोप घेण्याची मुभा द्या. आता किती जणांना मिळाला? तिन्ही खेपांचे आकडे फळ्यावर लिहा आणि कोणाकोणाला थांबवले असता निरोप पूर्ण अडतो ते शोधून काढा. प्रतिरोधाचा अर्ध्याहून अधिक पाठ तुम्हांला त्यात मिळेल.

हे ज्ञान घरी न्या

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे ४७ हजार स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग झाला. भारतीय स्त्रियांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांखालोखाल याचा क्रमांक लागतो. हा रोग बहुधा उशिरा लक्षात येतो, कारण त्याची सुरुवातीची लक्षणे अगदी साधी असतात: पोट फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरातल्या बायका ती अंगावर काढतात. सर्वसामान्य स्त्रियांसाठी या रोगाची खात्रीची चाळणी-तपासणी अजून उपलब्ध नाही. अशी लक्षणे बहुतेक वेळा दुसऱ्याच साध्या कारणांनी होतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण ती नव्याने सुरू झाली असतील आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज टिकून राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. आई, मावशी, आजी किंवा आत्या यांपैकी कोणाला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. काही कुटुंबांत याची प्रवृत्ती जनुकांतून येते, आणि ती वडिलांच्या बाजूनेही येऊ शकते.

प्रतिरोध हा शब्द ऐकून उपचार व्यर्थ आहेत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उपचारांनी अनेकींचे आयुष्य वाढते, लवकर सापडलेला रोग पुष्कळदा पूर्ण बराही होतो. उपचार अर्ध्यावर सोडला तर दाद देणाऱ्या पेशीही वाचतात, हे आता तुम्हीच इतरांना समजावून सांगू शकाल.

पेशी जगण्यासाठी वाट बदलते, ती कोणत्या वेळी कोणती वाट धरील हे आधी ओळखता यावे, एवढ्याचसाठी देशोदेशींच्या प्रयोगशाळांत रात्री-अपरात्री काचपात्रांतील पेशी मोजल्या जात आहेत. खारघर आणि गणेशखिंड येथेही ते काम चालले आहे. त्यातले पुढचे पान लिहिणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आज आठवी-नववीच्या वर्गात, पेशीची आकृती वहीत काढत बसलेली असेल.